मेंटेनन्सच्या ऑनलाइन कोर्समध्ये माझे 34,029 रुपये गेले

हॉस्पिटलच्या मेंटेनन्सला मला 11 वर्षं झाली. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. जनरेटर, पंप, एसी प्लांट, सगळं बघतो. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा साहेब म्हणाले, "कागद आण." खान्देशातून पुण्याला जाऊन शिकायचं तर ड्युटी सुटते, म्हणून ऑनलाइन कोर्स धरला. हौस म्हणून नाही.

नोंदणी 1,499. फी 18,500, वर जीएसटी 3,330. परीक्षा 4,200. शेवटी 'सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन, परत मिळणारे' म्हणून 6,500. यातले बरेचसे आबांच्या कापसाचे होते. 6,500 भरले त्या रात्रीपासून फोन बंद.

तिसऱ्या रविवारच्या क्लासला मी जेवत बसलो होतो. शिकवणारा म्हणाला, "पॅनेल चालू ठेवूनच मेगर लावा, रीडिंग बरोबर येतं." घास हातातच राहिला. मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर; ते लावायच्या आधी सप्लाय बंद करायचा, हे आयटीआयचं पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. असं कोणी केलं तर मीटर जाईल, माणूसही जाईल. मी चॅटमध्ये तसं लिहिलं. मेसेज लगेच काढून टाकला गेला. तिथेच उठायला हवं होतं! पण तोवर 23,329 भरून झाले होते, वाटलं बोलताना चुकला असेल. पैसे अडकले की माणूस स्वतःचीच समजूत घालतो.

पावतीही नीट पाहिली नाही. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, 09 उत्तर प्रदेशचा. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. यूपीआयवर संस्थेऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा. मला दिसलं होतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर रक्कम पुढे गेली होती. तुम्ही त्याच तासाला करा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात म्हणाले, "महिनाभर शिकलात ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात. रजा टाकून चार खेपा केल्या, चारही दिवसांचा पगार कापला गेला. एका साहेबांनी तर माझे कागद न उघडताच बाजूला सरकवले. खोटं सर्टिफिकेट विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? शेवटी एका वकिलाने सांगितलं, ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. रजिस्टर पोस्टाने पाठवलंय.

आणि वायरमनचा परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, कुठलाही खाजगी क्लास नाही. शिकायचंच असेल तर सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी.

परवा तीच जाहिरात नव्या नावाने आमच्या वायरमन ग्रुपवर आली, "फक्त 20 जागा." खाली शिरपूरच्या एका पोराने लिहिलं होतं, 'इंटरेस्टेड'. त्याला तेव्हाच फोन लावला.