खिशातला मराठी नवा करार: वाटायला कसा?

नवा करार म्हणजे बायबलचा दुसरा भाग. कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर भागात द्यायला आकार सोयीचा, टाइप मात्र बारीक. चाळिशीनंतर चष्म्याशिवाय वाचवत नाही. देण्याआधी शाळेचं माध्यम विचारा. घरी मराठी बोलणारे पुष्कळजण कन्नड शाळेत शिकलेले असतात, त्यांना ऑडिओच बरा. पहिलंच पुस्तक मत्तयाचं, त्याच्या सुरुवातीच्या वंशावळीतच वाचक गळतो. त्यापुढच्या मार्काच्या पुस्तकापासून सुरू करा: 16 अध्याय, रोज एक. व्यसनासारख्या बंधनातून सुटकेसाठी त्यातला पाचवा अध्याय सावकाश वाचावा.

एक मोठी उणीव: व्यसनाबद्दल सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. प्रार्थना करा, पण डॉक्टर आधी. आणि हो, नको म्हणणाऱ्याच्या हातात कोंबू नका.