‘कोकणातली हवाच तशी’

देवगडच्या घरात स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हाची गोष्ट. दुकानाचं नाव लिहीत नाही. "खारी हवा, चार महिने पाऊस, तुम्हाला मरीन प्लायच लागणार," असं दुकानदारच म्हणाला. ते खरं होतं, म्हणून तर फसलो. 18 एमएमच्या 11 शीट, 352 चौरस फूट, फुटाला 105 रुपये. प्रत्येक शीटवर ठळक ‘710’ (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस 710 चा आकडा), सोबत आजीवन गॅरंटीचं कार्ड. जीएसटी वाचवायच्या मोहात कच्चं बिल घेतलं. त्यावर नुसतं ‘प्लाय’.

दुसऱ्या पावसात सिंकखालचं दार फुगून बंद होईना. मेस्त्रीला बोलावलं. तो वाकून म्हणाला, "वयनी, ह्यां पीठ खयसून पडता?" मी आधी तांदळाचं समजले होते! टाल्कम पावडरसारखा भुगा आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हा भुंगेरा. त्याची अळी आतल्या आत लाकडातलं स्टार्च खाते आणि भोक पडतं ते किडा बाहेर निघताना. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा आतलं जेवण उरकलेलं असतं.

दुकानात फोन केला. "कोकणातली हवाच तशी, ताई." त्याच घरात आजेसासूबाईंची फणसाची पेटी आहे. साठ वर्षं हीच हवा खाते आहे, बिचारी.

मेस्त्रीने उरलेला तुकडा जुन्या टोपात उकळायला टाकला. आयएस 710 चा प्लाय 72 तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत, शिवाय त्यात कीडरोधक औषध मुरवलेलं असावं लागतं. आमचा दोन तासांत पत्त्यांसारखा सुटला. पाणी लालसर. मरीनचा गोंद गडद असतो, तसं दिसावं म्हणून रंग मारलेला, असं मेस्त्रीचं म्हणणं.

मग शीट नीट पाहिल्या. नुसता 710 आकडा कोणीही छापतो. आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस 710 आणि खाली सीएम/एल परवाना क्रमांक, हे सगळं हवं. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे की नाही, ते कळतं. आमच्या शीटवर क्रमांकच नव्हता. घेताना दोन मिनिटं लागली असती.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. गप्प बसले.

शेवटी उकळलेला तुकडा पिशवीत घालून दुकानात नेला, काउंटरवर ठेवला. मालकाने दोन बोटांनी उचलून पाहिला आणि म्हणाला, "ताई, प्लाय काय उकळून वापरतात?"