मागील पानावरून पुढे: साध्या वहीतील रोजनिशीचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या गुढीपाडव्याला इंदूरच्या खजुरी बाजारातून रेघांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची 200 पानी वही आणली आणि घरची-बाहेरची सगळी कामे तिच्यात लिहू लागलो. आता मार्गशीर्ष संपत आला असून वहीची शेवटची आठ पाने कोरी आहेत. त्यापूर्वी माझी कामे फोनमधील दोन ॲपमध्ये, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर आणि पत्नीच्या स्मरणात विखुरलेली असत. गॅस नोंदवायचे दुकानात आठवे आणि दुकानातील वसुलीचे रात्री अंथरुणावर.

पद्धत माझी नाही. रायडर कॅरोल या अमेरिकी डिझायनरने 2013 मध्ये ती ‘बुलेट जर्नल’ या नावाने लोकांसमोर मांडली. कामापुढे ठिपका, काम झाले की त्यावर फुली, पुढे ढकलले की बाण, भेट किंवा समारंभ असल्यास वर्तुळ आणि निव्वळ नोंद असल्यास आडवी रेघ, एवढ्याच खुणा. पानांना क्रमांक द्यायचे आणि पहिली दोन-तीन पाने अनुक्रमणिकेसाठी राखायची. सुरुवातीला मी रंगीत पेनांनी चौकटीही आखल्या आणि पाणी किती प्यायलो, किती चाललो यांचे रकाने केले. ते भरण्यात रोज संध्याकाळची वीस मिनिटे जाऊ लागली, तेव्हा दुसऱ्या महिन्यात सगळे बंद केले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीचा खरा कस महिनाअखेरीस लागतो. मी येथील कापड मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळे रोजमेळातील शिल्लक पुढच्या पानावर ओढणे माझ्या हाताला सवयीचे आहे. राहिलेली कामेही तशीच नव्या महिन्याच्या पानावर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावी लागतात. ॲपमध्ये राहिलेले काम आपोआप दुसऱ्या दिवशी जाते, त्याला काहीच श्रम पडत नाहीत आणि म्हणून यादी फुगतच राहते. वहीत मात्र तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबतो. ‘माळ्यावरची सतार दुरुस्त करणे’ हे काम मी चैत्रापासून आषाढापर्यंत पुढे ओढत होतो. चौथ्यांदा लिहिण्याची वेळ आली तेव्हा आपण ती वाजवणार नाही हे मान्य केले आणि सतार शिकणाऱ्या भाचीला ती देऊन टाकली. ते काम खोडताना वाटलेला हलकेपणा अजून लक्षात आहे.

दुसरा लाभ मला अपेक्षित नव्हता. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि उन्हाळ्यापासून तिला अधूनमधून सकाळी चक्कर येत असे. त्याची एका ओळीची नोंद मी त्या त्या दिवसाच्या पानावर करत गेलो. आमच्या भागात नर्मदेचे पाणी दिवसाआड, पहाटे येते, म्हणून नळाचा दिवसही त्याच पानावर लिहिलेला असे. श्रावणात डॉक्टरांकडे जाण्याआधी पाने चाळली तेव्हा दिसले की चक्कर आलेल्या सातही सकाळी नळाच्या दिवसांच्या होत्या. पाण्याचा आवाज येताच आई पांघरूण सारून झटकन उठत होती. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब आधी झोपलेल्या आणि मग उभ्या स्थितीत मोजला. उभे राहताच तो उतरत होता. त्यांनी गोळीची वेळ बदलली आणि उठताना काही वेळ पलंगाच्या काठावर बसून राहायला सांगितले. औषधांची वही वेगळी आणि पाण्याची आठवण वेगळी ठेवली असती, तर या दोन गोष्टी माझ्या नजरेसमोर एकत्र आल्याच नसत्या. म्हणून घर, दुकान, आजारपण यांच्या निरनिराळ्या वह्या करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

उणिवाही आहेत. वही वेळेवर हाक मारत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या भेटीसाठी फोनचा गजर आजही लावतो. भाद्रपदात आणि आश्विनात अनुक्रमणिका लिहिण्याचा आळस केला आणि गीझरच्या वॉरंटीची नोंद शोधायला अर्धा तास गेला. पातळ कागदावर शाईच्या पेनाची अक्षरे मागे उमटतात. एकदा स्कूटरवर पावसात सापडलो, तेव्हा जेल पेनाने लिहिलेली चार पाने पसरली, तर बॉलपेनाची शाबूत राहिली. शिवाय वही जेवणाच्या टेबलावर उघडी असते, म्हणून मनातले फार खासगी असे तिच्यात लिहिता येत नाही. पण त्या उघडेपणामुळेच पत्नीही आता तिच्यात लिहू लागली आहे आणि कोणते काम कोणी करायचे यावरून होणारी आमची बोलाचाली बरीच कमी झाली आहे.

दुसरी वही याच मापाची, थोड्या जाड कागदाची आणली आहे. पहिल्या वहीतून तिच्यात अकरा कामे ओढायची आहेत, त्यांपैकी दोन बहुधा लिहिणार नाही.