सड्यावरच्या डिस्क गोल्फसाठी डिस्क: १५० ग्रॅम की १७५?
डिस्क गोल्फ म्हणजे तबकडी फेकत फेकत टोपलीत टाकायचा खेळ. गोव्यात मिरामारला दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकलेली १५० ग्रॅमची डिस्क, वारा समोरून लागताच, उजवीकडे कलंडू लागते. त्याच साच्यातली १७५ ग्रॅमची डिस्क मात्र आपली रेषा बरीच धरून ठेवते. तरीही हाताला वेग नसलेल्या नवख्याने हलकीच घ्यावी, कारण ती कमी जोरातही तरंगत दूर जाते.

प्लास्टिकचा प्रश्न सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, उतरल्यावर कळतो. जांभ्या दगडावर आपटलेल्या साध्या प्लास्टिकच्या कडेवर बोटाला टोचणारे ओरखडे उठतात आणि कड झिजत गेली की डिस्क अधिकाधिक उजवीकडे वळू लागते. महाग प्लास्टिक ही झीज पुष्कळ काळ सोसते. पावसाळ्यात ओल्या हातातून मात्र ते सहज निसटते. पटिंगसाठी, म्हणजे जवळून टोपलीत टाकायला, मी साधेच वापरतो.