बेव्हासिझुमॅब : गाठीची रसद तोडणारे औषध

कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, आणि त्यासाठी ती व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. ही रसद तोडावी, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. व्हीईजीएफला धरून ठेवणारे बेव्हासिझुमॅब अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. आईला ते केमोथेरपीच्या जोडीने दिले गेले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

पहिली मात्रा सलाइनमधून ९० मिनिटे चालली. ती सोसल्यामुळे पुढच्या मात्रा ६० आणि मग ३० मिनिटांवर आल्या. या औषधाचा उपद्रव केमोपेक्षा निराळा आहे. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिन जाते, नाकातून रक्त येते, जखम भरायला वेळ लागतो. म्हणून दर खेपेस आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जाई आणि लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग पाहिला जाई. क्वचित आतड्याला छिद्र पडते; पोटात अचानक तीव्र कळ आल्यास घरी थांबू नये.

गाठ उपाशी मरते, हे वर्णन मला अतिशयोक्त वाटते. तिच्या वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि केमो आत नीट पोचते, हे स्पष्टीकरण अधिक पटते. पुढे गाठ रक्तासाठी दुसरे मार्ग शोधते. स्तनाच्या कर्करोगासाठीची मंजुरी तर अमेरिकेत २०११ मध्ये मागे घेतली गेली.