चेंबूर की मुलुंड? घर घेण्याआधी हवेचं बघा

मुंबईच्या पूर्व उपनगरांत घर शोधणारे बरेच जण शेवटी या दोन नावांपाशी अडतात. आम्हीही अडलो होतो. काही वर्षं चेंबूरला भाड्याने राहिलो आणि मग मुलुंडला घर घेतलं.

चेंबूरला भरभराट आणली ती धुरांड्यांनी, हे मान्य करायलाच हवं. १९५०च्या दशकात शेजारच्या माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले, ट्रॉम्बेला वीजकेंद्र आलं, पुढे खत कारखाना आला. त्या पगारांवर कितीतरी घरं उभी राहिली, मुलं शिकली. आता पूर्व मुक्त मार्गाने फोर्ट जवळ आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल). प्रवासात मुलुंड इथे हरतंच.

पण माझा निर्णय केला तो चेंबूरच्या घराच्या खिडकीने. थंडीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची गार हवा हलत नाही आणि दिवसा उडून जाणारं सगळं खालीच साचतं. अकरानंतर घशात बसणारा उग्र वास यायचा. आईला दमा. खिडक्या घट्ट लावल्या तरी ती उशीला टेकून बसून रात्र काढायची. सकाळी मात्र हवा स्वच्छ वाटायची, त्यामुळे दिवसा घर बघून जाणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. शिवाय देवनारची कचराभूमी १९२७पासूनची. २०१६च्या आगींचा धूर आठवत असेलच.

मुलुंडला एलबीएस मार्गावरचे कारखाने जाऊन मॉल आणि टॉवर आले, कचराभूमी २०१८ला बंद झाली, पश्चिमेला राष्ट्रीय उद्यान आहे. बांधकामाची आणि मेट्रोच्या कामाची धूळ आहे, गॅलरी रोज पुसावी लागते. पण धूळ पुसता तरी येते.

उत्पन्न वाढलं की हवा सुधारते, असं म्हणतात. मुलुंड बघून ते पटतंही. मला ते अर्धंच खरं वाटतं. इथले कारखाने गेले, पण रसायनं बनायची थांबलेली नाहीत. ती आज तळोजा, अंबरनाथकडे बनतात आणि तिथल्या घरांतही दमेकरी आहेत. आमची मोकळी हवा काही अंशी त्यांच्या जिवावर आहे, याची मला टोचणी आहे.

तरीही तुम्ही विचारलंत, तर घरात दमेकरी किंवा लहान मूल असल्यास मी मुलुंडच म्हणेन. नोकरी फोर्टला आणि सगळे धडधाकट असतील तर चेंबूर वाईट नाही. फक्त टोकन देण्याआधी डिसेंबरातल्या एखाद्या रात्री अकरानंतर त्या इमारतीखाली तासभर थांबून बघा.