‘टॉप हॅट’: जिथे नाचच संवाद होतो

आरकेओ या कंपनीने १९३५ साली काढलेला आणि मार्क सँडरिच यांनी दिग्दर्शित केलेला ‘टॉप हॅट’ हा कृष्णधवल चित्रपट आजही निखळ आनंद देतो, आणि त्याचे श्रेय मी कथेपेक्षा त्यातील नृत्यांना देईन. लंडनमधील एका हॉटेलात रात्री जेरी (फ्रेड अस्टेअर) टॅप नृत्य करू लागतो, त्या ठोक्यांनी खालच्या मजल्यावरील डेलची (जिंजर रॉजर्स) झोपमोड होते आणि ती तक्रार करायला थेट वर येते. ती परत गेल्यावर तिला झोप लागावी म्हणून तो जमिनीवर वाळू पसरतो आणि त्या वाळूवर अलगद पाय घासत नाचतो. तो प्रेमात पडला आहे हे प्रेक्षकाला एवढ्यावरूनच कळते.

चित्रपटाचा खरा प्राण मात्र बागेतील मंडपात आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना डेल सुरुवातीला फुरंगटून बसते, मग जेरीच्या चालण्याची नक्कल करते, तो एक पदन्यास टाकतो, ती त्याला तोडीस तोड उत्तर देते आणि शेवटी दोघे बसल्या जागी हस्तांदोलन करतात. एरवी प्रेमकथेत ज्यासाठी पानभर संवाद लागले असते, ते इथे पावलांनीच साधले आहे. नाचणाऱ्याचे शरीर नखशिखान्त दिसावे आणि दृश्याचे तुकडे कमीत कमी पडावेत, असा अस्टेअर यांचा आग्रह असे. त्यामुळे दोघांतील जवळीक आपल्यासमोरच वाढत असल्याचे जाणवते. अर्व्हिंग बर्लिन यांच्या ‘चीक टू चीक’ या गाण्यावरील नृत्यात रॉजर्स यांच्या पोशाखावरून गळणारी पिसेही दिसतात, आणि मला तर ती त्या दृश्याचाच भाग वाटतात.

मंडपातील त्या नाचानंतर डेल जेरीला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते. एका वाक्यात मिटणारा हा गैरसमज उत्तरार्धात, व्हेनिसमध्ये, फारच ताणला आहे. ‘पिकोलिनो’ या गाण्यावरील समूहनृत्यही भव्य आहे खरे, पण नायक-नायिका त्यात येईपर्यंत ते रेंगाळते. तिथे एडवर्ड एव्हरेट हॉर्टन आणि एरिक ब्लोर हे मालक-नोकर चित्रपट सावरून धरतात. गळ्यातील बो कसा असावा, यावरून होणारा त्यांचा वाद तर पुन्हापुन्हा पाहावा असा आहे. नाच-गाण्यांचे असे चित्रपट ज्यांनी कधीच पाहिले नसतील, त्यांनी सुरुवात याच चित्रपटापासून करावी.